अडवून ठेवलेली फाईल

माझे वडील महसूल खात्यात अव्वल कारकून होते. दर १ ऑगस्टला, महसूल दिनी, उत्कृष्ट कर्मचाऱ्यांचा सत्कार व्हायचा. माइकवरून इतकी प्रकरणं निकाली, इतकी वसुली, थकबाकी शून्य असं वाचलं जायचं आणि टाळ्या पडायच्या. फाईल अडवून ठेवली म्हणून कुणाला शाल-श्रीफळ मिळाल्याचं वडिलांनी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. तशा एका फाईलबद्दल पदक दिलं गेलंय, हे मला फार वर्षांपूर्वी कळलं. तेव्हापासून तिचा क्रमांक माझ्या डोक्यात घर करून आहे : १२-६११.

७ ऑगस्ट १९६२ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी डॉ. फ्रान्सेस केल्सी यांना अमेरिकन नागरी सेवेतलं सर्वोच्च पदक दिलं. आयसेनहॉवर यांनी १९५७ मध्ये सुरू केलेलं हे पदक मिळवणाऱ्या केल्सीबाई दुसऱ्या महिला. थॅलिडोमाइडची हकिगत वाचकांना ठाऊक आहे. गर्भवतींनी घेतलेली झोपेची गोळी आणि हातपाय न वाढलेली हजारो मुलं. बाईंनी मंजुरी दिली नाही म्हणून ती अमेरिकेच्या बाजारात आली नाही, हेही सगळीकडे छापून येतं. मला ओढ लागली ती या मंजुरी न देण्याच्या अठरा महिन्यांची.

बाई ऑगस्ट १९६० मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि सप्टेंबरात थॅलिडोमाइडच्या मंजुरीसाठी एका औषध कंपनीचा अर्ज, क्रमांक १२-६११, टेबलावर आला. नवीन माणूस, म्हणून सोपं प्रकरण दिलेलं. जर्मनीत ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळत होती. कायदाही कंपनीला धार्जिणा. साठ दिवसांत हरकत नोंदवली नाही, तर औषध आपोआप मंजूर. बाई, औषधशास्त्रज्ञ जिरो ओयामा आणि रसायनतज्ज्ञ ली गाइस्मर या तिघांनी कागद बारकाईने वाचले. माणसाला झोपवणारी गोळी प्राण्यांना झोपवत नव्हती. मग ती अंगात शोषली तरी जाते का? माहिती अपुरी, असा शेरा मारून अर्ज परत गेला. कंपनीने तो पुन्हा पाठवला, पुन्हा साठ दिवस, पुन्हा त्रुटी. कंपनीच्या प्रतिनिधीने फोन आणि भेटी मिळून पन्नासच्या घरात फेऱ्या घातल्या. नाताळ हा झोपेच्या गोळ्यांच्या खपाचा हंगाम, तो हातचा गेला याचं कंपनीला विशेष दुःख झाल्याची आठवण बाई पुढे सांगत.

आणि मग ते पत्र. ३१ डिसेंबर १९६०च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापलं होतं. लिहिणारे डॉ. लेस्ली फ्लॉरेन्स, स्कॉटलंडमधल्या टरिफ नावाच्या गावातले साधे डॉक्टर. दीड-दोन वर्षं ही गोळी घेणाऱ्या त्यांच्या चार रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येत होत्या. दोष थॅलिडोमाइडचा तर नाही, एवढंच त्यांनी विचारलं होतं. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद हाच. फेब्रुवारीत तो बाईंच्या नजरेस पडला. युद्धकाळात क्विनाइनवर काम करताना त्यांनी आणि त्यांच्या पतीने पाहिलं होतं, की मोठा ससा ते औषध पचवतो, पण पोटातल्या पिल्लाला ते जमत नाही. आता त्यांनी सरळ विचारलं : मोठ्यांच्या नसांना इजा होत असेल, तर गर्भाचं काय? ५ मे १९६१च्या पत्रात त्यांनी कंपनीला सुनावलं, की हे दुष्परिणाम तुम्हाला ठाऊक होते आणि तुम्ही कळवले नाहीत. कंपनीने वरिष्ठांकडे धाव घेतली : हे पत्र बदनामीकारक आहे! वरिष्ठ बाईंच्या पाठीशी उभे राहिले. नोव्हेंबरात जर्मनीतून विकलांग अर्भकांची बातमी आली, मार्च १९६२ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

तरीही घात पुरता टळला नव्हता. ‘चाचणी’च्या नावाखाली कंपनीने हजाराहून अधिक डॉक्टरांना पंचवीस लाख गोळ्या वाटल्या होत्या. अमेरिकेतही सतरा मुलं बाधित जन्मली. ऑक्टोबर १९६२च्या कायद्याने ती आपोआप मंजुरी रद्द केली. मला तो कायदा पदकापेक्षा मोठा वाटतो.

बाईंच्या सावधपणाचं मूळ मला १९३७ मध्ये दिसतं. डायथिलिन ग्लायकॉल घातलेल्या एका औषधाने तेव्हा अमेरिकेत शंभराहून अधिक माणसं दगावली आणि त्याचा छडा लावणाऱ्या शिकागोच्या प्रयोगशाळेत त्या विद्यार्थिनी होत्या. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं आणि चौदा रुग्ण गेले. त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने आपल्या औषध प्रशासनावर कठोर ताशेरे ओढले. तो अहवाल चाळताना मला सारखे ओयामा, गाइस्मर आणि बाई आठवत होते. आपल्याकडे त्या टेबलावर त्यांच्यासारखं कोणी असायला हवं होतं.

श्रेयात ओयामा, गाइस्मर आणि वरिष्ठांचा वाटा आहे, असं बाई नेहमी सांगत. पदकानंतरही त्या त्याच खात्यात राहिल्या, नव्वदाव्या वर्षी, २००५ मध्ये निवृत्त झाल्या आणि ७ ऑगस्ट २०१५ रोजी, पदकाच्याच तारखेला, गेल्या.

ही सगळी हकिगत मी वडिलांना सांगितली होती. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दर महिन्याच्या गोषवाऱ्यात हे प्रकरण बाईंच्या नावावर प्रलंबित दिसलं असणार. अठरा महिने. तो गोषवारा साहेबांपुढे ठेवताना काय वाटलं असेल रे त्यांना?”