घन दिनदर्शिका

घन दिनदर्शिका : दोन घनांच्या पृष्ठांवरील अंकांच्या साहाय्याने महिन्यातील कोणतीही तारीख दाखविणारे मेजावरील साधन व त्यावर आधारलेले तर्ककोडे. घनाच्या प्रत्येक पृष्ठावर एकच अंक असतो. दोन्ही घन शेजारीशेजारी ठेवून समोरच्या पृष्ठांवर ०१ ते ३१ पैकी हवी ती तारीख जुळविता येते. कोणता घन डावीकडे ठेवावा, याचे बंधन नसते. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर (१९१४–२०१०) यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या मनोरंजक गणितविषयक सदरात हे कोडे मांडले. त्यांच्या मॅथेमॅटिकल सर्कस (१९७९) या ग्रंथातही ते आढळते. त्यात एका घनावरील १ व २ आणि दुसऱ्यावरील ३, ४ व ५ हे अंक दिसत असतात. उरलेल्या सात पृष्ठांवर कोणते अंक असतील, हे ओळखावयाचे असते.

उकल : ११ व २२ या तारखांसाठी १ आणि २ हे अंक दोन्ही घनांवर लागतात. ०१ ते ०९ या तारखांत शून्याबरोबर नऊ निरनिराळे अंक येतात. शून्य एकाच घनावर असल्यास हे नऊही अंक दुसऱ्या घनावर असावे लागतील. पण त्याला पृष्ठे सहाच असतात. म्हणून शून्यही दोन्ही घनांवर हवे. अशा रीतीने बारांपैकी सहा पृष्ठे व्यापली जातात आणि ३ ते ९ या सात अंकांसाठी सहाच पृष्ठे उरतात. येथे कोडे अशक्य वाटू लागते. तथापि प्रचलित आंतरराष्ट्रीय अंकांतील सहाचे चिन्ह उलटे धरल्यास नऊ होते आणि कोणत्याही तारखेत हे दोन अंक एकत्र येत नाहीत. त्यामुळे एकच पृष्ठ दोहोंचे काम करते. वरील कोड्यात पहिल्या घनावर ०, १, २, ६, ७, ८ व दुसऱ्यावर ०, १, २, ३, ४, ५ हे अंक असतात.

महिन्यांचे घन : इंग्रजी महिन्यांच्या नावांची पहिली तीन अक्षरे लहान लिपीत तीन घनांवर दाखविता येतात. त्यांसाठी एकूण १९ अक्षरे लागतात, पण पृष्ठे १८ आहेत. लहान लिपीतील पी उलटा केल्यास डी होतो व एक पृष्ठ वाचते. तरीही अडचण संपत नाही. जानेवारीमुळे जे व एन, तर ऑगस्टमुळे यू ही अक्षरे ए या अक्षराच्या घनावर असू शकत नाहीत. जूनसाठी मात्र जे, यू, एन ही तिन्ही अक्षरे तीन वेगळ्या घनांवर हवीत. हा विरोध एन उलटा करून यू वाचल्यानेच मिटतो. असे चिन्ह दोन घनांवर घातले असता सर्व १८ पृष्ठे वापरली जाऊन बाराही महिने दाखविता येतात. जे, ई, जी, ओ, आर, वाय. ए, सी, एफ, एस, व्ही, एन. बी, एल, एम, पी, टी, एन ही त्यांची एक मांडणी होय.

देवनागरी अंक : देवनागरी ६ उलटा केल्यास ९ होत नाही. ३ व ६ यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात, म्हणूनच वैरासाठी ‘छत्तीसचा आकडा’ असे म्हणतात. पण हे साम्य आरशातील प्रतिमेसारखे आहे. घन फिरविल्याने चिन्ह उलटे होते, त्याचे प्रतिबिंब मिळत नाही. उलट्या ३ चे शेपूट वर जाते. मात्र एक अंकी तारखेस केवळ एकच घन मांडावयाचा, असे ठरविल्यास शून्य एकदाच पुरते. १ व २ दोन्ही घनांवर आणि उरलेले आठ अंक एकेकदा घातले की बारा पृष्ठे बरोबर भरतात. ३० साठी ० व ३ वेगळ्या घनांवर असणे एवढीच अट राहते. तेव्हा कोडे सुटते की नाही, हे केवळ पृष्ठांच्या संख्येवर अवलंबून नसते. चिन्हांचा आकार व ती वाचण्याचा संकेत यांवरही ते अवलंबून असते.