मेकअपचं इंजिनिअरिंग : सकाळी आठ ते रात्री दहा

सकाळी आठला केलेला मेकअप दुपारच्या मेसपर्यंत टिकत नाही, ही लेडीज हॉस्टेलची फार जुनी तक्रार आहे. ट्रॅडिशनल डेला नऊवारी नेसून निघालेली मंडळी बारा वाजता ग्रुप फोटोसाठी उभी राहतात, तेव्हा काजळ गालावर, लिपस्टिक चहाच्या कपावर आणि फाउंडेशन रुमालावर गेलेलं असतं. मग उपाय काय? तर अजून एक थर! आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं.

मित्रांनो, तुम्ही पान उलटू नका. गॅदरिंगच्या एकांकिकेत स्टेजवरच्या हॅलोजनखाली तुमचेही चेहरे रंगवले जातात, आणि दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याच्या सुरकुत्या वितळून हनुवटीवर येतात तेव्हा प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसतात. शिवाय हा विषय तुमच्या-आमच्या सिलॅबसच्या बाहेरचा नाही. मेकअप टिकवणं म्हणजे एका पृष्ठभागावर रंगाचा पातळ थर चिकटवून ठेवणं. इंग्रजीत ज्याला ‘अ‍ॅढीजन’ म्हणतात त्याला मराठीत ‘आसंजन’ म्हणतात. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला शब्दकोशातून शोधून काढावा लागला, म्हणून तो इथे वापरणारच!)

वर्कशॉप आठवा

पत्र्याला रंग द्यायचा असेल तर आपण काय करतो? आधी तेल आणि धूळ पुसतो, पॉलिश पेपर मारतो, मग रेड ऑक्साइडचा प्रायमर, मग रंगाचे दोन पातळ हात. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देत नाही. हे सगळं सोडून एकदम जाड रंग फासला तर काय होतं, ते होस्टेलच्या खिडक्यांचे गज बघून कळतं.

चेहऱ्याचंही अगदी तेच आहे. गंमत म्हणजे मालसुद्धा जवळपास तोच. फाउंडेशनमधला पांढरा रंग म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, जो भिंतीच्या रंगातही असतो. आणि त्वचेच्या छटा येतात त्या लाल, पिवळ्या, काळ्या आयर्न ऑक्साइडमुळे, म्हणजे रेड ऑक्साइडच्याच घराण्यातल्या! अर्थात कॉस्मेटिकसाठी तो शुद्ध केलेला असतो, तेव्हा वर्कशॉपमधला डबा कोणी उचलू नये.

फरक दोन आहेत. पहिला म्हणजे पत्रा हसत नाही. चेहरा सारखा हलतो, ताणतो, सुरकुततो. जाड थराला हे वाकणं झेपत नाही, म्हणून तो आधी तडकतो, आणि तोही नाकाच्या बाजूला, डोळ्यांखाली, म्हणजे जिथे हालचाल जास्त तिथे. दुसरा फरक म्हणजे पत्र्याला घाम येत नाही. आपल्या शरीरावर घामाच्या ग्रंथी २० ते ४० लाख असतात, आणि कपाळ, नाक, हनुवटी या भागात तेलाच्या ग्रंथी दाटीवाटीने असतात. म्हणजे शत्रू बाहेरून येत नाही, थराच्या खालूनच येतो. ओल आलेल्या भिंतीवर कितीही भारी डिस्टेंपर मारा, पोपडे धरणारच. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बाहेरच्या पाण्यापुरता बरा. आतून येणाऱ्या घामापुढे त्याचंही फार चालत नाही.

आजीचा करंडा

हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी सुटलेला आहे. पूर्वी बायका कुंकू लावायच्या ते थेट नाही. आधी बोटाने कपाळावर मेणाचा छोटा गोल लावायचा आणि मग त्यावर पिंजर दाबून बसवायची. नुसती कोरडी पिंजर घामाने तासाभरात ओघळते. मेणावरचं कुंकू मात्र चुलीपुढे बसूनही संध्याकाळपर्यंत हलत नसे.

यामागचं शास्त्र बघा. मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. बोटाच्या उबेने ते मऊ होतं, चिकटतं, पण अंगाच्या ३७ अंशांना वितळून वाहत नाही. वर पाण्याला ते जुमानत नाही. त्यात रुतलेले कुंकवाचे कण मग घामाच्या हाती लागत नाहीत. पातळ, चिकट, पाण्याला न विरघळणारा थर, आणि त्यावर दाबून बसवलेला रंग. आज ‘लाँग लास्टिंग’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं तत्त्व एवढंच आहे.

आता प्रत्यक्ष कृती

१) आधी गार व्हा. आंघोळीनंतर लगेच मेकअप करू नका. अंग गरम असतं, घाम चालूच असतो. दहा मिनिटं पंख्याखाली बसा. चेहरा अंगाच्या साबणाने धुऊ नका. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणजे पीएच ५ च्या आसपास असते, तर नेहमीचा साबण ९-१० चा असतो. त्याने त्वचा कोरडी, ताणलेली होते. सौम्य फेसवॉश पुरे.

२) मॉइश्चरायझर सोडू नका. ‘माझी स्किन ऑईली आहे, मला कशाला?’ असं खूप जणी म्हणतात. पण त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि त्या सतत सुटत असतात. कोरड्या, उचकटलेल्या पेशींवर रंग लावला की पेशी गळताना रंगही घेऊन जातात. तेलकट त्वचेला जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर चालतं. दिवसभर उन्हात राहायचं असेल तर यानंतर सनस्क्रीन. प्रत्येक थर लावल्यावर पाच मिनिटं थांबा. ओल्यावर ओलं लावलं की दोन्ही घसरतात.

३) प्रायमर हवाच का? बहुतेक प्रायमर सिलिकोनचे असतात. ते बारीक खळगे भरतात आणि त्वचेवर गुळगुळीत पडदा तयार करतात. बजेट नसेल तर हे सोडलं तरी चालेल, वरची तयारी मात्र सोडू नका. एकच काळजी घ्या, दोन थरांची जात जुळली पाहिजे. पाण्याच्या बेसवर सिलिकोन चोळलं की कधीकधी खोडरबरासारख्या गोळ्या निघतात. आदल्या दिवशी हाताच्या पाठीवर दोन्ही लावून बघितलं की कळतं.

४) फाउंडेशन थोडं, आणि दाबून. वाटाण्याएवढं घ्या. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घेऊन टिपत टिपत बसवा, चोळू नका. चोळल्याने खालचा थर उठतो. डाग झाकायचा असेल तर फक्त डागावर दुसरा हात द्या, अख्ख्या चेहऱ्यावर नको.

५) पावडर जिथे तेल तिथेच. पावडरीतली टाल्क आपल्याला मोह स्केलवरची सगळ्यात मऊ, एक नंबरची म्हणून माहीत आहे. हे बारीक कण तेल शोषतात आणि थराचा चिकटपणा कमी करतात, म्हणून रुमालाला रंग लागत नाही. कपाळ, नाक, हनुवटीवर पफने दाबा. गालांवर अगदी नावापुरती.

६) डोळे. काजळ म्हणजे तेल, मेण आणि काळा रंग. पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर ते टिकत नाही, कारण अश्रूंच्या पडद्यालाही वरून तेलाचा पातळ थर असतो आणि मिनिटाला पंधराएक वेळा आपण पापणी मिटतो. दर वेळी थोडं थोडं काजळ पुसलं जातं. म्हणून ते पापणीच्या केसांच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि त्यावर त्याच रंगाची कोरडी आयशॅडो बारीक ब्रशने दाबा. परत तेच, मेण आणि वर पिंजर!

७) ओठ. साध्या लिपस्टिकमध्ये मेण, एरंडेलासारखं तेल आणि रंग असतो. एक हात लावा, टिशूने टिपा, टिशू ओठांवर धरूनच वरून किंचित पावडर लावा, मग दुसरा हात द्या. लिक्विड मॅट लिपस्टिकचं तंत्र वेगळं आहे. तिच्यातला पातळ द्रव उडून जातो आणि मागे लवचीक रेझिनचा पापुद्रा राहतो. चहा-पाण्याला ती दाद देत नाही. पण तेलात तेल विरघळतं, हा नियम सगळ्यांना लागू. मिसळीच्या तर्रीपुढे भल्याभल्या महाग लिपस्टिकी हरतात!

८) सेटिंग स्प्रे. यात बहुधा हेअर स्प्रेच्या जातीचं पॉलिमर पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. द्रव उडाला की जाळीसारखा पातळ पडदा राहतो. हातभर अंतरावरून, डोळे मिटून मारा. केसांचा स्प्रे मात्र चेहऱ्यावर मारू नका, तो त्वचेसाठी बनवलेला नसतो.

गाव बदललं की गणित बदलतं

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या मुलीची युक्ती नागपूरच्या मुलीला लागू पडेलच असं नाही. किनाऱ्यावर हवेतच इतकी वाफ असते की घाम उडत नाही, तो थराखाली साचतो आणि रंग ओघळतो. तिथे थर कमीत कमी, पावडर थोडी आणि टिपायला टिशू जास्त. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम येतो तसा उडून जातो, त्वचा सुकते आणि मेकअप ओघळण्याऐवजी तडकतो. तिथे मॉइश्चरायझर वाढवा आणि पावडर कमी करा.

दुपारी दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. आधी टिशू नुसता दाबून घाम-तेल टिपायचं, मग पावडर. ओल्या चेहऱ्यावर पावडर मारली की पिठल्याच्या गुठळ्या होतात!

एक पेट्रोलवाली बाई

‘मेकअप करणाऱ्या मुली अभ्यास कधी करतात?’ हा टोमणा आपल्या कॅम्पसमध्येही ऐकू येतो. हा टोमणा मारणाऱ्यांना हेझल बिशप हे नाव सांगा. १९०६ मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन बाईंनी १९२९ मध्ये पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या एका तेल कंपनीत विमानाच्या इंधनावर संशोधन करत होत्या. नोकरी सांभाळून घरच्या स्वयंपाकघरात त्यांनी शेकडो प्रयोग केले आणि १९५० मध्ये कपाला न लागणारी लिपस्टिक बाजारात आणली. त्यांनी वापरलेले रंग ओठांवर नुसते बसत नसत, त्वचेतल्या प्रथिनांना धरून ठेवत. म्हणजे रंगाचा थर नाही, तर डाग! लिपस्टिक तुफान खपली. पुढे भागीदाराशी वाद होऊन १९५४ मध्ये त्यांना स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं, पण रंग टिकवण्याचा प्रश्न हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे हे त्यांनी जगाला दाखवून दिलं.

मेकअप करायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कॅम्पस इंटरव्ह्यूला सकाळी आठपासून बसून संध्याकाळी साडेसहाला ज्यांचं नाव पुकारतात, त्यांना तरी दर तासाला आरसा शोधावा लागू नये. त्या दिवशी कमी थर लावा. जे लावलेलंच नाही ते ओघळत नाही.

जे टिकतं ते काढायचं कसं?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. जो थर पाण्याने जात नाही तो रात्री पाण्याने कसा जाईल? म्हणून जणी घासतात, डोळे लाल करतात, नाहीतर तशाच झोपतात. तसं झोपलं की तेल, घाम, धूळ सगळं रंध्रांत अडकून बसतं आणि पिंपल्सना आमंत्रण मिळतं. आधी तेलकट क्लेन्झर कापसावर घेऊन अर्धा मिनिट नुसता धरून ठेवा, म्हणजे थर सुटतो. मग फेसवॉश. घाईच्या वेळी खोबरेल तेलानेही काम होतं, पण पिंपल्स येणाऱ्यांनी ते टाळलेलं बरं.

आणि होस्टेलवाल्यांसाठी खास दोन सूचना. एक, काजळ आणि मस्कारा शेअर करू नका. एका रूममधलं एक काजळ आठ डोळ्यांत फिरतं, आणि एकीचे डोळे आले की चौघींचे येतात. डोळे येऊन गेल्यावर ते काजळ टाकूनच द्या, कितीही महाग असलं तरी. दुसरी, टिकलीबद्दल. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं, आणि त्याने काहींच्या कपाळावर कायमचा पांढरा डाग पडतो. टिकलीखाली खाज आली किंवा रंग फिका दिसला तर टिकली लगेच बंद करून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. नवी कुठलीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. ट्रॅडिशनल डेच्या सकाळी पहिला प्रयोग नको.

थोडक्यात काय, तर स्वच्छ पृष्ठभाग, पातळ थर, मध्ये थांबणं, दाबून बसवणं आणि रात्री न चुकता काढणं. यातल्या एकाही गोष्टीला फारसे पैसे लागत नाहीत, लागतो तो सकाळचा अर्धा तास. तेवढा गजर मात्र आदल्या रात्री लावा, आणि रूममेटला शिव्या न देता उठा!