सुटीचे घर, भाड्याचे पाहुणे आणि गृहविमा

अलिबाग, दापोली किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगत सुटीसाठी घेतलेले आणि वर्षातले काही आठवडे पर्यटकांना भाड्याने दिले जाणारे घर मालकाच्या स्वतःच्या नावावर असल्याने साधा गृहविमा त्याला पुरेसा ठरतो, हा या विषयातील सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून लागू केलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित, म्हणजे सर्व कंपन्यांकडे मूळ अटी सारख्याच असणाऱ्या, पॉलिसीत घराचा वापर निवासासाठीच असला पाहिजे अशी अट असून, सुटीचे घर म्हणून किंवा पाहुण्यांच्या निवास-भोजनासाठी ते वापरले जात असल्यास भरपाई मिळणार नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पाहुणा एकदाही आला नसला, तरी निव्वळ सुटीपुरते वापरले जाणारे घर या पॉलिसीच्या कक्षेबाहेर राहू शकते. ही गोष्ट विमा घेताना क्वचितच कोणी समजावून सांगतो, आणि म्हणूनच ती ठळकपणे सांगितली पाहिजे.

याच पॉलिसीत भाडेकरूचा आणि लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याचा निवास मान्य असल्याने पर्यटकही त्यात बसतात, असा युक्तिवाद केला जातो. तथापि अकरा महिन्यांच्या करारावर तेथे संसार करणारा भाडेकरू आणि दोन रात्रींसाठी पैसे मोजून उतरणारा पाहुणा यांच्यामुळे घराला असणारी जोखीम वेगळी असते. पाहुण्यांची ये-जा हा व्यवसाय ठरतो आणि तो वर्षातून थोडेच दिवस चालतो म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. अशा घरासाठी लहान व्यवसायांची पॉलिसी घेण्याचा मार्ग उपलब्ध असून, एका ठिकाणची विमायोग्य मालमत्ता 5 कोटी रुपयांपर्यंत असल्यास ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या पॉलिसीचा विचार करता येतो. मात्र प्रस्ताव अर्जात घराचा खरा वापर आणि ते किती काळ बंद असते, हे दोन्ही लिहिणे आवश्यक असते. पावसाळ्यात महिनोन्महिने कुलूप असणाऱ्या कोकणातील घरांच्या बाबतीत बंद काळाची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण पारंपरिक अग्निविमा पॉलिसीत इमारत 30 दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिल्यास, कंपनीची पूर्वसंमती नसेल तर, संरक्षण थांबते.

विम्याची रक्कम बाजारभावाने ठरवावी, हाही गैरसमजच होय. जमीन जळत नाही किंवा वादळात मोडत नाही, त्यामुळे हिशेब पुनर्बांधणीच्या खर्चाचा केला जातो. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने घरांची छपरे उडवली, त्यासारखी हानी ‘वादळ’ या जोखमीत मोडते; घरफोडीसाठी मात्र सहसा वेगळे संरक्षण घ्यावे लागते, आणि ओल्या पायरीवरून घसरून पाहुणा जखमी झाल्यास उद्भवणारी भरपाईची जबाबदारी मालमत्तेच्या विम्यात येतच नसल्याने तिच्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा, म्हणजे त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या इजेबद्दलच्या कायदेशीर देण्याचा विमा, स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.