एसटीच्या ड्रायव्हरची ड्युटी कॉम्प्युटरने लावली तर?

अंबाजोगाईच्या स्टँडवर परळीची किंवा लातूरची गाडी लागते, आपण जागा धरतो आणि मोकळे होतो. पण ही फेरी कोणत्या ड्रायव्हरने करायची, हे कसं ठरतं? आजचा भाग त्यावर.

आधी नियम बघू. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात ते असे होते: दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास काम. सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा पसारा साधारणपणे 12 तासांच्या आत. आणि आजचं काम संपल्यावर उद्याचं सुरू होईपर्यंत सलग 9 तास आराम.

आता एक काल्पनिक उदाहरण. चार फेऱ्या आहेत, प्रत्येक जाऊन-येऊन: पहिली सकाळी 6 ते 9, दुसरी 9.30 ते 12.30, तिसरी दुपारी 1 ते 6, चौथी 2 ते 7. सरळ क्रमाने वाटलं तर पहिल्या दोन एकाला दिल्या, झाले 6 तास. तिसरी दिली तर 11 होतात, म्हणजे दुसरा माणूस. चौथी तिसरीच्या वेळेतच येते, म्हणजे तिसरा माणूस. पण पहिली आणि तिसरी एकाला, दुसरी आणि चौथी दुसऱ्याला दिली की दोघांचे बरोबर 8-8 तास भरतात. दोघांत काम भागलं!

चार फेऱ्यांचं आपण हातावर मोजलं. 40 फेऱ्या असतील तर त्यांचे गट एक लाख कोटींच्या वर जातात. नियमात न बसणारे बाद केले तरी उरतात भरपूर. म्हणून कॉम्प्युटर सगळ्या ड्युट्या आधी बनवतच नाही. थोड्या घेऊन सुरुवात करतो आणि ज्या नव्या ड्युटीने खर्च कमी होईल तेवढीच शोधून भर घालतो. अट एकच, प्रत्येक फेरी नेमकी एकाच ड्युटीत आली पाहिजे. या पद्धतीला कॉलम जनरेशन म्हणतात.

पण थांबा. आपल्या त्या पहिल्या ड्रायव्हरकडे परत बघा. 9 ते 1 तो काय करणार? काम 8 तासांचं, पण घराबाहेर 12 तास. त्या नियमांत बसतं, अंगाला बसतं का? कॉम्प्युटरला आपण 'माणसं कमी लागू दे' एवढंच सांगितलं होतं, त्याने तेवढंच केलं.

मुक्कामी गाडीचंही तसंच. रात्री 9.30 ला गावात पोचली आणि पहाटे 5.30 ला निघाली, तर मध्ये 8 तासच मिळतात. एकेक दिवस सुटा धरला तर ही चूक दिसतच नाही. दोन दिवस जोडून बघावे लागतात.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सांगतो: गणित सुटणं हा सोपा भाग. रिकाम्या तासांना किंमत लावायची की नाही, हे माणसानेच ठरवायचं. आणि ते ठरवताना स्टिअरिंगवर बसणाऱ्याला विचारलेलं बरं, कारण मागे आपणच बसलेले असतो.

भेटू पुढच्या भागात!