तीस अक्षरांची दुरुस्ती

उन्हातली अतिनील किरणे त्वचेच्या पेशीतल्या डीएनएवर पडली, की शेजारशेजारची दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल तिथे अडते. कित्येक जीवाणू, वनस्पती आणि माशांकडे यावर फोटोलायेज हे प्रथिन असते. निळा प्रकाश शोषून ते हा सांधा जागच्या जागी सोडवते. माणसाकडे ते नाही. आपल्याला बिघडलेला तुकडाच कापून काढावा लागतो.

हे काम करणाऱ्या प्रथिनांची ओळख पटली ती आजारी मुलांमुळे. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकारात लहान वयातच त्वचेचा कर्करोग होतो. अशा रुग्णांच्या पेशींना डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही, हे कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवले. पुढे एक्सपीए ते एक्सपीजी अशी सात प्रथिने याच आजाराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ही रूक्ष नावे वाचताना ती मुले आठवावीत, असे मला मनापासून वाटते.

यातले एक्सपीसी मला सर्वांत विलक्षण वाटते. ते बिघडलेल्या अक्षरांना हात लावत नाही. दुहेरी साखळीची वीण कुठे सैल पडली आहे ते पाहते आणि समोरच्या, शाबूत धाग्याला धरते. त्यामुळे सिगारेटच्या धुरातल्या रसायनांनी केलेली इजाही त्याला सापडते. पण चिकटलेल्या थायमिनांनी साखळी फारशी वाकत नाही. तिथे एक्सपीई आधी पोहोचते, साखळी वाकवते आणि मग एक्सपीसीला जागा दिसते.

एवढ्यावर कात्री चालत नाही. एक्सपीबी आणि एक्सपीडी दोन्ही धागे अलग करतात. एक्सपीडी धाग्यावरून सरकत जाते आणि खरोखरच अडले, तरच बिघाड पक्का ठरतो. मग एक्सपीजी एका बाजूने आणि एक्सपीएफ दुसऱ्या बाजूने छेद देते. सुमारे तीस अक्षरांचा तुकडा निघतो आणि समोरच्या धाग्यावरून ती जागा पुन्हा भरली जाते. हे दोन छेद उलगडणारे अझीझ संजार तुर्कस्तानातल्या सावुरचे, शिक्षणाने डॉक्टर. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

काही रुग्णांत मात्र ही सातही प्रथिने धडधाकट होती, तरी आजार तोच. त्याचे कारण १९९९ मध्ये कळले. त्यांच्यात पॉलिमरेज ईटा नव्हते. दुरुस्ती होण्याआधीच पेशी दुभंगायला निघाली, तर हे प्रथिन चिकटलेल्या थायमिनांसमोर बहुधा दोन ॲडेनिन, म्हणजे योग्य तीच अक्षरे, बसवते आणि नक्कल पुढे सरकते.