पावणेतीन किलोमीटरचा विमानप्रवास

मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी द्वीपसमूहातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या शेजारच्या बेटांवरचे दोन विमानतळ एकमेकांपासून त्याहूनही जवळ आहेत. मधलं अंतर अवघं २.७ किलोमीटर. जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा ती हीच. १९६७पासून लोगनएअरची विमानं इथं ये-जा करतात आणि वेळापत्रकात या टप्प्याला दोन मिनिटं दिलेली असतात.

विमान आहे ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. पंखांवर पंख्यांची दोन इंजिनं, पोटात न मिटणारी चाकं, जेमतेम आठ-नऊ जणांची सोय. जागा कमी पडली तर एक प्रवासी थेट वैमानिकाच्या शेजारी बसतो. आखूड धावपट्टीवरून उडण्यासाठीच ते घडवलेलं आहे. त्याचा नेहमीचा वेग ताशी २४० किलोमीटर धरला, तर मिनिटाला चार किलोमीटर होतात. म्हणजे हा प्रवास चाळीस सेकंदांत आटोपायला हवा. प्रत्यक्षात दीड मिनिटाच्या आसपास लागतो. आजवरचा विक्रमसुद्धा ५३ सेकंदांचा आहे.

हिशेब चुकतो, कारण विमान त्या नेहमीच्या वेगाला कधी पोहोचतच नाही. वर चढणं संपतं न संपतं तोच उतरायची तयारी. शिवाय विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उडावं आणि उतरावं लागतं. वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रे जवळजवळ नेमकं पूर्वेला आहे. वारा पूर्वेचा असेल तर विमान थेट समोरच्या बेटाकडे झेपावतं. पण तो पश्चिमेचा असला, आणि ऑर्कनीत तो बहुधा तिकडूनच येतो, तर आधी उलट्या दिशेनं उडायचं, मग वळायचं आणि उतरताना पुन्हा पश्चिमेकडे तोंड करायचं. इतक्या छोट्या अंतरात एका वळणाचे सेकंदही मोठे असतात.

हेच गणित आपल्याकडेही लागू पडतं, फक्त ठळक दिसत नाही. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. मुंबईपासून तो हवाई रेषेत सुमारे ३५० किलोमीटर. ताशी पाचशेच्या वेगानं पाऊण तासही लागू नये, पण तेव्हा सुरू झालेल्या मुंबईच्या विमानसेवेच्या तिकिटावर तासाहून जास्त वेळ असायचा. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईत उड्डाणाच्या रांगेत थांबणंही त्यातच येतं.

पापा वेस्ट्रेवर वस्ती शंभराच्या आतबाहेर. तिथं नॅप ऑफ हॉवर हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी घर आहे, त्यामुळे पुरातत्त्वाचे अभ्यासक येतात. बेटकऱ्यांसाठी मात्र हे विमान म्हणजे डॉक्टर, शिक्षक आणि ऑर्कनीचं मुख्य शहर कर्कवॉल, तिथल्या बाजाराशी असलेला संबंध. म्हणूनच ऑर्कनीच्या बेटांमधल्या विमानसेवेला तिथली स्थानिक परिषद अनुदान देते, आणि ते मला योग्यच वाटतं. खवळलेल्या समुद्रात होडी निघत नाही, तेव्हा किलोमीटर मोजून भागत नाही.

हौसेनं जाणाऱ्यानं एवढं पाहावं: विमान कर्कवॉलहून निघून दोन्ही बेटं करून परततं, पण काही फेऱ्या एकाच बेटावर जाऊन माघारी येतात. दोन मिनिटांचा टप्पा हवा असेल, तर तो ज्या फेरीत आहे त्याच फेरीचं तिकीट काढावं लागतं.