आंबोलीच्या रानातलं रेडिओ केंद्र

पावसाळ्यात आंबोलीला गर्दी होते ती धबधब्याखाली भिजायला आणि गरमागरम भजी खायला. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटरवरचं हे घाटमाथ्यावरचं गाव महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या ठिकाणांपैकी एक. हिरण्यकेशीचा उगम इथला. हवा मोकळी असली तर महादेवगडच्या कड्यावरून थेट समुद्र दिसतो. अलीकडे बेडकांचे अभ्यासकही रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन इथं हिंडत असतात. पण १९५५ साली याच परिसरातल्या जंगलात एक रेडिओ केंद्र सुरू झालं होतं, हे त्या गर्दीतल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं.

त्या वर्षी १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दीत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. मग भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वे थांबवली, गोव्यातली वकिलात गुंडाळली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला जेरीस आणण्यासाठी हे होतं खरं, पण कोंडी आतल्या माणसाचीही झाली. गोव्यातल्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला, बाहेरची आत येईनात आणि ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र सांगेल तीच बातमी. रेडिओच्या लहरींना मात्र नाकेबंदी लागू नव्हती.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी नवं केंद्र बोलू लागलं. याच तारखेला १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला होता. पोर्तुगीज भाषेत केंद्राचं नाव ‘व्होझ दा लिबर्दादे’, कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि सुरुवातीला निकोलाव मेनेझिस ही मोजकी माणसं ते चालवत. लिबिया लोबो मुंबईत वाढलेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सेन्सॉर कार्यालयात काम केलं होतं. आता त्या दुसऱ्या सेन्सॉरला भगदाड पाडायला निघाल्या होत्या.

यंत्रसामग्रीची गोष्ट आणखी मजेची. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त करताना पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले होते. त्यांतून प्रक्षेपक उभा राहिला आणि तो ट्रकवर चढवला गेला. त्या मुक्तिलढ्यात सुधीर फडकेही उतरले होते. १९५५ च्या त्या नोव्हेंबरात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर दर आठवड्याला त्यांचं ‘गीतरामायण’ चालू होतं आणि उभा महाराष्ट्र रेडिओला कान लावून बसलेला होता. तिकडे त्याच लढ्यात मिळालेल्या यंत्रावरून घाटातल्या रानात वेगळंच प्रसारण सुरू झालं. तिथं गाणं जवळजवळ नव्हतंच. होतं ते निव्वळ बोलणं: बातमी, भाष्य आणि मुख्य म्हणजे उत्तर.

हे उत्तर देणं हाच या केंद्राचा खरा कार्यक्रम, असं मला वाटतं. ही मंडळी पणजी आणि लिस्बनचं प्रसारण ऐकायची, तिथला प्रचार टिपून घ्यायची आणि मुद्देसूद खोडून काढायची. विषयांना तोटा नव्हता. पोर्तुगालने १९५१ मध्येच कागदावर वसाहतींचे ‘सागरपार प्रांत’ करून टाकले होते. केंद्र सुरू होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या पत्रकात पोर्तुगालच्या आशियातल्या या ‘प्रांतां’चीच भाषा केली. पुढे १९६० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने हे प्रांत-प्रकरण मोडीत काढलं आणि गोव्यासह या सगळ्या मुलखांना अस्वायत्त प्रदेश ठरवलं. १९६१ मध्ये पोर्तुगालच्याच ताब्यातला अंगोला पेटला. आशिया-आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्यांची खबर गोव्यातल्या माणसाला या केंद्रावरून मिळे, आणि पोर्तुगीजमधून बोलल्यामुळे ती तिथल्या अधिकाऱ्यांच्या कानावरही आपसूक जाई.

केंद्राला सरसकट ‘भूमिगत’ म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. १९४२ चा काँग्रेस रेडिओ मुंबईत इंग्रज पोलिसांच्या नाकाखाली चालायचा. उषा मेहतांचं ते केंद्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला धाड पडून संपलं, म्हणजे जेमतेम अडीच महिने. गोव्याचं केंद्र सहा वर्षं टिकलं, कारण ते भारताच्या भूमीवर होतं. पण म्हणून ते सोपं नव्हतं. आंबोलीचा पाऊस, साप, बिबटे आणि माणसांपासून तुटलेलं जिणं. त्यात ओल तर यंत्रांची वैरीणच. हे सोसून त्यांनी रोजचा नेम चालू ठेवला.

पुढे केंद्र कॅसलरॉकला गेलं. हे ठिकाण आज कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. ब्रिटिश काळापासून मुरगावहून येणारी रेल्वे दूधसागरच्या बाजूने घाट चढून इथं पोचायची आणि सामानाची जकात तपासणी व्हायची. १९५५ नंतर ही वाहतूक बंद पडलेली. अशा ओस पडलेल्या सीमेवरच्या रानात केंद्राचे पुढचे दिवस गेले.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय लष्कर सीमेवर जमलं, तेव्हा गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांना शरण येण्याचं आवाहन याच केंद्रावरून झालं. ते काही लगेच शरण आले नाहीत. १८ तारखेला हवाई दलाच्या हंटर विमानांनी पोर्तुगीजांचं बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं आणि सहा वर्षं चाललेल्या या वादात एकच बाजू बोलायची उरली. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. सरदेसाई आणि लोबो यांनी लाउडस्पीकर लावलेल्या विमानातून गोव्यावर घिरट्या घालत पोर्तुगीज आणि कोकणीत ती बातमी सांगितली, पत्रकं टाकली. ४५१ वर्षांची राजवट संपल्याचं अनेकांना आधी आभाळातून कळलं.

दोघांनी पुढे लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई गोव्याच्या पहिल्या पर्यटन संचालक झाल्या. शंभरी गाठल्यावर, २०२५ मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वामन सरदेसाई परराष्ट्र सेवेत गेले आणि भारताचे राजदूत म्हणून स्वतंत्र अंगोलातही राहिले.